नाताळगीत आणि बौद्ध शेजारी

मराठी नाताळगीताचे वळण संतांचे आहे. ना. वा. टिळकांनी तुकोबांचे ऋण मानून ख्रिस्त गायिला. साहजिकच ‘अवतार’ हा शब्द त्या परंपरेत रुळला. परंतु १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बौद्धांच्या २२ प्रतिज्ञांत अवतारकल्पनेचा स्पष्ट नकार आहे. शिवाय २५ डिसेंबर हा त्यांना महाडच्या १९२७ च्या मनुस्मृतिदहनाचा स्मृतिदिन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांत हाच शेजारी आपले नाताळगीत ऐकतो. देहधारणेवरील श्रद्धा सोडावी असे मुळीच नव्हे. गाण्याचा आरंभ मात्र मरियेच्या स्तोत्रातून व्हावा. सत्ताधीशांना खाली ओढून दीनांना उंचावणारा देव तिने गायिला आहे. तो स्वर शेजाऱ्यास परका वाटणार नाही. आपल्या गीतकारांनी मात्र तो अद्याप पुरेसा लावलेला नाही.