राजाश्रय आणि अनंत फंदी

राजाश्रयाने कवी मोठा होतो की मिंधा होतो, हा प्रश्न जुनाच आहे. सेमिनरीत युरोपचा इतिहास अभ्यासताना आम्हांस तो प्रथम भेटला तोर्क्वातो तास्सो या इटालियन कवीच्या चरित्रात. फेराराच्या ड्यूकच्या पदरी असताना तास्सोने जेरुसलेमच्या मुक्तीवर महाकाव्य रचले. त्याच ड्यूकने त्याला १५७९ ते १५८६ अशी सात वर्षे इस्पितळात कोंडून ठेवले. पुढे १५९५ साली रोममधील एका मठात त्याने देह ठेवला.

परंतु पारनेरला राहून या प्रश्नाचा विचार करावयाचा, तर इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरच्या अनंत फंदीने (१७४४–१८१९) तो आपल्या आयुष्याने मांडला आहे. मलिक फंदी नावाच्या फकिराशी जडलेल्या स्नेहामुळे घोलपांच्या घरातील हा ब्राह्मण ‘फंदी’ झाला, असे सांगतात. डफ हाती घेऊन त्याने लावण्या आणि पोवाडे गाइले. जामखेड तालुक्यात १७९५ साली झालेली खर्ड्याची लढाईही त्याच्या पोवाड्याचा विषय झाली.

त्याच वर्षी सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून पडून मरण पावले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून फंदीने ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य रचले. येथे कवीची अडचण ध्यानी घ्यावी. ज्याचे वडील राघोबादादा हे माधवरावाच्या जन्माआधीपासून त्या गादीवर दावा सांगत होते, त्यानेच त्या मृत्यूचे काव्य मागितले! अशा श्रोत्यापुढे शोक करावयाचा, तर प्रत्येक शब्द जपूनच वापरावा लागणार. आज हा ग्रंथ अभ्यासकांवाचून फारसा कोणी उघडीत नाही.

याउलट त्याचा फटका कित्येकांना मुखोद्गत आहे. आडवाट धरू नये, आपला संसार सांभाळावा, धनाचा व शहाणपणाचा गर्व वाहू नये, एवढाच त्याचा उपदेश. तो कोणा धन्याने मागितलेला नव्हता. त्याचा श्रोता चार पैसे मिळवणारा, मोहात पडणारा, तुमच्याआमच्यासारखा संसारी मनुष्य होता. म्हणूनच त्यातील शब्द अडखळत नाहीत.

आता आख्यायिकेचा विचार करू. अहिल्याबाई होळकरांनी ब्राह्मणाने तमाशा करण्याबद्दल फंदीची कानउघाडणी केली आणि त्याने डफ फोडून कीर्तनाची वाट धरली, अशी ती कथा. चौंडीच्या त्या साध्वीबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. आज आपल्या जिल्ह्यालाही तिचेच नाव आहे. तरीही या कथेतून लोक काढतात तो अर्थ आम्हांस पटत नाही. डफ हलका आणि टाळ श्रेष्ठ, असे म्हटले की फंदीच्या वाणीचे मूळच तोडले जाते. फटक्यातील ठसका, थेट दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून बोलण्याचे धैर्य, हे सारे तो तमाशाच्या बारीवर शिकला. कीर्तनाने त्याला विषय दिला असेल. आवाज डफानेच दिला.

वाचकहो, आपली मुले डफावर गाऊ लागली की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळी आठी पडते. त्यांना फंदीचा फटका अवश्य शिकवावा. पण तो ज्या वाद्यावर घडला, त्याची लाज मात्र शिकवू नये.