ताशी १६० हा आकडा नेमका कोणत्या ऋतूतला?

कोकण रेल्वेबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत ‘ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखलेला मार्ग’ हे वाक्य येतंच. मी दरडींच्या भूशास्त्रावर पीएचडी करतेय, त्यामुळे मला या आकड्यात गाडी कमी आणि डोंगर जास्त दिसतो. म्हणून आज या एका आकड्याची जरा चिकित्सा करूया.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी १०० ऐवजी १६० ने जायचं असेल, तर बाकी सगळं तेच ठेवून वळणाची त्रिज्या अडीचपटीहून मोठी करावी लागते. म्हणून या मार्गावर वळणं १२५० मीटर त्रिज्येपेक्षा तीव्र ठेवायची नाहीत आणि चढ १५० मीटरला १ मीटर याहून जास्त नको, असं ठरलं. तुलनेसाठी, बोरघाटात हाच चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात.

आता कोकणची रचना आठवा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा ७४१ किलोमीटरचा मार्ग सह्याद्री चढत नाही, त्याच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण जातो. पण नद्या आणि सह्याद्रीचे फाटे बहुतेक पूर्व-पश्चिम. म्हणजे प्रत्येक फाटा आणि प्रत्येक खाडी आडवी येते. वळसा घालायचा नाही आणि चढायचंही नाही, मग उरतं काय? बोगदा, पूल किंवा कटिंग. नव्वदहून जास्त बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि जवळपास २००० पूल. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. इतक्या कमी वर्षांत हे उभं राहिलं, याचं कौतुक व्हायलाच हवं आणि ते झालंही.

पण कौतुक होतं बोगद्यांचं आणि पुलांचं. कटिंगचा फोटो कोणी काढत नाही, आणि या मार्गाचा खरा वेग ठरतो तो तिथेच.

कोकणात बऱ्याच ठिकाणी वर जांभा असतो, त्याखाली मऊ चिकण मातीचा थर आणि मग बेसॉल्टचा कातळ. जांभा चाळणीसारखा, त्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि चिकण मातीवर येऊन अडतं. मातीचे कण एकमेकांना धरून राहतात त्यात घर्षणाचा वाटा मोठा. पाणी साचलं की छिद्रांमधला दाब कणांना किंचित सुटं करतो, घर्षण घटतं आणि जो उतार मे महिन्यात भिंतीसारखा उभा होता तोच जुलैत सरकतो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. त्यात आपण डोंगराचा पायथा कापून उतार नैसर्गिक कोनापेक्षा उभा केलेला.

परिणाम सगळ्यांना माहीत आहेत. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात झाला, तोही रुळांवर आलेल्या दगडांमुळेच. त्यानंतर उतार कमी करणं, जाळ्या लावणं, पावसाळ्यात गस्त वाढवणं, अशी बरीच कामं झाली. तरीही जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि वाहतूक थांबली.

म्हणूनच पावसाळ्यात इथे वेगळं वेळापत्रक असतं. पाऊस फारच झाला तर लोको पायलटला वेग ताशी ४० वर आणायची सूचना असते. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठ तासांच्या आत पोचते, पावसाळ्यात तिलाच दहा तास लागतात. गाडी तीच आणि रूळही तेच, वेग कमी होतो तो उतारामुळे.

आखणी चुकली असं मी म्हणत नाहीये. डोंगराला वळसे घालत गेलो असतो तर मार्ग कायमचाच संथ झाला असता, आणि कटिंग तेव्हाही लागल्याच असत्या. माझा आक्षेप आकडा सांगण्याच्या पद्धतीवर आहे. सरळ रेषेची किंमत बांधकामाच्या खर्चात दिसते तेवढीच नसते. तिचा उरलेला हप्ता दर पावसाळ्यात भरावा लागतो, आणि तो भरतात रात्री कंदील-बॅटरी घेऊन कटिंगखालून चालणारे ट्रॅकमन. ‘कमाल वेग’ या शब्दात त्यांचं काम कुठेच मोजलं जात नाही.

हे आत्ता बोलायला हवं, कारण रोहा ते वीर दुहेरी मार्ग झालाय आणि पुढच्या दुहेरीकरणाची मागणी जोरात आहे. दुसरा रूळ म्हणजे बऱ्याच ठिकाणी तीच कटिंग आणखी रुंद, म्हणजे तोच पायथा पुन्हा कापायचा. तेव्हा नवीन मार्गाची घोषणा झाली की कमाल वेग विचारू नका. जुलैतल्या मुसळधार दिवशी गाडी किती तासांत पोचेल, आणि उतार सांभाळायला दरवर्षी किती पैसे आणि किती माणसं ठेवलीत, हे विचारा. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जायचं असतं, आणि गणपती पावसाळ्यातच येतात.