‘सेट’चे ४३० अर्थ नक्की मोजले कोणी?

क्विझमधला जुना प्रश्न : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कुठल्या शब्दाला? ठरलेलं उत्तर ‘सेट’. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, त्या क्रियापदाचा आकडा ६४५ झाला आणि ‘सेट’ मागे पडला.

आता मला सांगा, इंग्रजी बोलणारी माणसं मधल्या काळात अचानक जास्त ‘रन’ करायला लागली का? संगणकावर प्रोग्राम ‘रन’ होतो वगैरे नवी भर असेल, पण खरा फरक मोजण्यात पडला.

अॅडम किल्गॅरिफ यांचा १९९७चा लेख नेमकं इथेच बोट ठेवतो. शब्दांच्या अर्थांवर माझा विश्वास नाही, अशा आशयाचं त्याचं शीर्षक आहे आणि ते वाक्य मूळचं कोशकार स्यू अॅटकिन्स यांचं. मुद्दा साधा आहे. कोशकारापुढे एका शब्दाची ढीगभर वाक्यं असतात. तो सारखी वाटणारी वाक्यं एकत्र ठेवतो, आणि असा एकेक गठ्ठा म्हणजे एकेक अर्थ. गठ्ठे किती करायचे हे कोश कशासाठी आहे त्यावर ठरतं. काम बाजूला ठेवून ‘या शब्दाला किती अर्थ?’ असं विचारण्यात अर्थच नाही.

आमच्या क्षेत्रात हा वाद नुसता तात्त्विक नाही. वाक्यातला शब्द कुठल्या अर्थाने आलाय हे यंत्राने ओळखावं, म्हणून प्रिन्स्टनच्या वर्डनेटसारख्या अर्थयाद्या वापरल्या जातात. त्यांतले भेद इतके बारीक असतात की दोन जाणत्या माणसांचंही अनेकदा एकमत होत नाही. मग यंत्राला मार्क द्यायचे कशाच्या आधारावर?

पण मला हा लेख एका जागी अपुरा वाटतो. उद्देश महत्त्वाचा हे मान्य. पण कोणाचा उद्देश? ‘सेट’ जरा मराठीतून बघा. सूर्य मावळतो. गजर, सापळा आणि आग आपण लावतो. मोडलेलं हाड आणि अंगठीतला खडा बसवतो. प्रश्नपत्रिका काढतो. म्हणजे इंग्रजी कोश जिथे वेगवेगळे आकडे टाकतो, तिथे आपला एकच ‘लावणे’ किंवा ‘बसवणे’ भागतो. उलट दार लावणे, दिवा लावणे हे ‘सेट’च्या आसपासही येत नाही. भाषा बदलली की गठ्ठे वेगळ्या जागी फुटतात, आणि ही किल्गॅरिफ यांच्या म्हणण्याची सर्वांत चांगली परीक्षा ठरली असती.

आपल्याला याची जास्त काळजी हवी. मराठी वर्डनेट आयआयटी मुंबईत हिंदी वर्डनेटच्या आधाराने वाढवलं गेलं, आणि हिंदीची प्रेरणा इंग्रजी. हाताशी असलेल्या यादीवरून काम लवकर होतं, यात शंका नाही. त्या कष्टांची किंमत मी कमी करत नाही. पण यादीबरोबर दुसऱ्याने पाडलेले तुकडेही येतात. ‘लावणे’चे गठ्ठे मराठी वाक्यं समोर ठेवूनच करायला हवेत. ते किती होतील हा प्रश्न नंतरचा.