साक्षीदाराचा शब्द आणि न्यायालयाची मराठी

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अंमलात आले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले व सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्या कक्षेत आले. या दोन घटनांची वकीलवर्गातील चर्चा बहुतांशी कलमांचे बदललेले क्रमांक व मुंबईचे वाचलेले अंतर यांभोवतीच फिरताना दिसते. भाषेच्या अभ्यासकास तीत एक तिसरा प्रश्न दिसतो. खेड्यातील साक्षीदाराने उच्चारलेले वाक्य अपिलापर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे काय झालेले असते, हा तो प्रश्न होय. आणि त्याच्या उत्तरावर पुष्कळदा माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

प्रथम नावांचा विचार करू. १८७२ च्या कायद्यास मराठीत आपण ‘भारतीय पुरावा अधिनियम’ म्हणत होतो. नव्या कायद्याच्या इंग्रजी संहितेतच हिंदी नाव योजिले असल्यामुळे ते मराठीत जसेच्या तसे आले आणि ‘पुरावा’ या शब्दाची जागा ‘साक्ष्य’ने घेतली. हिंदीत ‘साक्ष्य’ म्हणजे सर्व प्रकारचा पुरावा. मराठी मनुष्यास मात्र ह्या शब्दातून ‘साक्ष’ ऐकू येते, आणि साक्ष म्हणजे पिंजऱ्यात उभे राहून तोंडाने सांगितलेली हकीकत. दस्तऐवज हा पुरावा असतो, त्यास कोणी साक्ष म्हणत नाही. गंमत अशी, की या अधिनियमातील ज्या भागाकडे वकिलांनी विशेष लक्ष पुरवावयास हवे तो कलम ६३ चा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचा व त्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्राचा आहे. नावाने सुचविलेला अर्थ आणि कायद्याचा रोख यांची अशी फारकत झाली आहे. ‘नागरिक सुरक्षा संहिता’ या नावावरून तर हा फौजदारी प्रक्रियेचा कायदा आहे, ही गोष्ट सांगितल्यावाचून कळत नाही.

याचा अर्थ जुनी परिभाषा शुद्ध होती असा नव्हे. फिर्याद, दावा, वकील, जामीन, मुद्देमाल हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून आले. ‘पंचनामा’ हा तर संस्कृत व फारसी यांचा उघड संकर. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तरी कचेरीतील हे शब्द हटले नाहीत. ते टिकले याचे कारण पक्षकारास ते कळत होते. परिभाषेची परीक्षा याच कसोटीवर व्हावी. (लोकभाषेतील ‘चारशेवीस’ या विशेषणाचे आता काय होणार, हाही एक कौतुकाचा विषय आहे. न्याय संहितेत एकूण कलमे ३५८. फसवणूक आली कलम ३१८ मध्ये. खून १०३ मध्ये गेला आणि ३०२ या क्रमांकावर धार्मिक भावना दुखावणारे उद्गार येऊन बसले. तथापि १ जुलै २०२४ पूर्वीच्या अपराधांस जुनी दंड संहिताच लागू असल्याने वकिलास दोन्ही अंकलिप्या बरीच वर्षे वागवाव्या लागतील.)

आता मुख्य विषयाकडे वळू. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये इंग्रजीत चालते. त्यामुळे जबान्या मराठीत नोंदल्या जातात आणि अपिलात त्यांचे इंग्रजी भाषांतर वाचले जाते. पूर्वी हे कागद मुंबईस जात व पुष्कळदा तेथील वकिलाच्या हाती पडत. त्यास कऱ्हाडची किंवा तासगावची बोली ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आता ज्या वकिलाने सत्र न्यायालयात उलटतपास घेतला तोच कोल्हापुरात अपील चालवू शकतो. मूळ वाक्य त्याने कानांनी ऐकलेले असते. या योगाचा लाभ घ्यावयाचा असेल तर मराठीतील कोणती स्थळे भाषांतरात निसरडी ठरतात, हे त्याने जाणले पाहिजे.

त्यांपैकी सर्वांत घातक स्थळ आदरार्थी अनेकवचनाचे आहे. ‘त्यांनी मला धरलं’ असे एखादी सून सांगते. हे ‘त्यांनी’ म्हणजे एकटा सासरा, की सासरा आणि दीर? मराठीत सर्वनाम व क्रियापद दोन्ही येथे मुकी राहतात. इंग्रजी भाषांतरकारास मात्र एकवचन अथवा अनेकवचन निवडावेच लागते. तो सहसा अनेकवचन निवडतो, कारण व्याकरणात ते तसे दिसते. न्याय संहितेच्या कलम ३(५) मधील समान उद्देशास एकाहून अधिक माणसे लागतात. कलम १८९ मधील बेकायदेशीर जमावास पाच किंवा अधिक. ज्या तरतुदींत माणसांच्या संख्येवर दायित्व ठरते तेथे आदराचा एक प्रत्यय घरातील दुसऱ्या माणसास आरोपी करू शकतो. उपाय साधा आहे: साक्ष चालू असतानाच ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ हे विचारून नाव नोंदवून घ्यावे. त्यातही सावधगिरी हवी. आपल्या गावांत प्रत्येक वाड्यात एखादा आबा, तात्या अथवा अण्णा असतोच. तेव्हा टोपणनावासमोर पूर्ण नाव आलेच पाहिजे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेदही असाच. ‘आपण’मध्ये ऐकणाराही येतो, ‘आम्ही’तून तो वगळला जातो. आरोपींपैकी एकाने दुसऱ्यास ‘आपण जाऊ’ म्हटले की ‘आम्ही जातो’ म्हटले, यावर त्या दुसऱ्याचा सहभाग अवलंबून राहील. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द आहे.

‘मारणे’ या धातूचा विचार अधिक बारकाईने करावयास हवा. ‘त्यानं माझ्या भावाला मारलं’ आणि ‘त्यानं माझा भाऊ मारला’ ही वाक्ये एकाच घटनेची दोन रूपे नव्हेत. पहिल्यात कर्मास ‘ला’ प्रत्यय लागला आहे, क्रियापद नपुंसकलिंगी स्थिर आहे, आणि सामान्य अर्थ मारहाणीचा आहे. दुसऱ्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि अर्थ प्राण घेण्याकडे झुकतो. पहिल्या वाक्याचाही संदर्भाने दुसरा अर्थ होऊ शकतो, म्हणूनच भाषांतरकाराने संदर्भ सोडू नये. याउलट ‘त्याला दगड लागला’ या वाक्यात कर्ताच नाही. दगड कोणी मारला, मुद्दाम मारला की हातून सुटला, याविषयी साक्षीदाराने काहीच सांगितलेले नसते. असे वाक्य सकर्तृक होऊन इंग्रजीत उतरले की जो हेतू सिद्ध करावयाचा तोच भाषांतराने आधी पुरविलेला असतो.

कलम २३ च्या शोधविषयक निवेदनांत हाच दोष पोलिसांच्या लेखनशैलीतून येतो. आरोपी पंचांसमक्ष जे बोलतो त्याचे ‘लपवून ठेवलेले हत्यार काढून देतो’ असे ठराविक रूपांतर होते. ‘ठेवलेले’ या कृदंतात ठेवणारा कोण, हे उघड होत नाही. ‘मी ठेवलंय’ आणि ‘तिथं हाय’ यांतील अंतर कायद्याच्या दृष्टीने मोठे आहे. दुसऱ्या वाक्याने केवळ जागेची माहिती दिसते. पंचनाम्याच्या साच्यात दोन्ही एकरूप होतात.

उलटतपासातील ‘हे म्हणणे खरे नाही की...’ हा साचा इंग्रजी वाक्यरचनेचा कलम आहे, आणि आमच्या मते तो टाकून द्यावा. ‘तुम्ही तिथं नव्हता ना?’ यास ग्रामीण साक्षीदार ‘व्हय’ म्हणतो तेव्हा तो बहुधा त्या नकारास दुजोरा देत असतो. इंग्रजी होकाराचा अर्थ उलट होईल. अशा प्रश्नाचे उत्तर पूर्ण वाक्यात मागावे. सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः कथनरूपाने नोंदली जाते. परंतु नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३११ अन्वये एखादा भाग प्रश्नोत्तररूपाने घेण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे. शब्दावर सर्व काही अवलंबून असेल तेथे तशी विनंती त्याच क्षणी करावी. युक्तिवादाच्या वेळी तिचा उपयोग नाही. कलम ३१३ प्रमाणे साक्ष वाचून दाखविणे हीही अशीच एक संधी आहे, आणि ती घाईने उरकली जाऊ देणे हा पक्षकाराचा तोटा होय.

जमिनीच्या दाव्यांत ‘वरच्या अंगाला’ हा प्रयोग वारंवार येतो. पाटण-जावळीच्या डोंगरउतारावर ‘वर’ म्हणजे चढाकडे; कृष्णाकाठच्या सपाटीवर बहुधा प्रवाहाच्या उगमाकडे. त्याचे उत्तर दिशेत भाषांतर करणे म्हणजे बांध हलविणे होय. मोजणीच्या नकाशावर साक्षीदाराकडूनच खूण करवून घ्यावी.

नव्या प्रक्रियेने भाषेच्या अभ्यासास एक देणगी दिली आहे. कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले, आणि कलम १८० खालील जबाबही त्या माध्यमातून घेता येतो. पूर्वी ठाण्यातील लेखनिकाची मराठी तेवढी उरत असे. आता काही ठिकाणी प्रत्यक्ष उच्चार उरेल. ‘गेलतो’ हे रूप ‘गेलो होतो’चे आहे, ‘गेलो’चे नव्हे, आणि घटनांचा क्रम त्यावर ठरू शकतो, हे ध्वनिमुद्रण ऐकल्यावाचून कळणार नाही. बचावाच्या वकिलाने चित्रणाची प्रत मागावी, लेखी पंचनामा समोर ठेवून ती स्वतः ऐकावी आणि भिन्न शब्दांची टिपणी करावी. यंत्राकडून झालेल्या भाषांतरावर या कामी विसंबू नये. ‘त्यांनी’पाशी यंत्रही माणसाइतकेच अडखळते, फक्त ते थांबून विचारीत नाही.

जत तालुक्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निर्माण झालेल्या व १९६० साली सांगली हे नाव पावलेल्या या जिल्ह्याच्या पूर्व भागात कानडी बोलणारी गावे पुष्कळ आहेत. तेथील साक्षीदाराचे वाक्य कानडीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत असे दोनदा रूप पालटते. कलम ३१२ प्रमाणे शक्य असेल तर साक्ष त्याच भाषेत लिहून घेता येते. अन्यथा न्यायालयाच्या भाषेतील खरे भाषांतर साक्ष चालू असतानाच तयार व्हावयास हवे, आणि कलम ३१७ प्रमाणे दुभाषी यथार्थ भाषांतर करण्यास बांधलेला असतो. व्यवहारात दुभाष्याचे काम न्यायालयात हजर असलेल्या एखाद्या कानडी जाणणाऱ्या व्यक्तीवर येऊन पडत असेल, तर तिचे नाव व तिने योजिलेला नेमका मराठी शब्द, दोन्ही नोंदीत आणण्याचा आग्रह वकिलाने धरावा.