धान्यातील सोंडकिडे : एक नाव, दोन जाती

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या नीरा खोऱ्यातील गावात ज्वारीच्या कणगीत सापडणारा आणि मक्याच्या पोत्यातून निघणारा तपकिरी किडा यांना एकच नाव पुरते : सोंडा. लोकव्यवहारात त्यात काहीच गैर नाही. मात्र विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालात या नावापुढे 'सायटोफिलस ओरायझी' असे लिहिले जाते, तेव्हा ते कशाच्या आधारे, हा प्रश्न उपस्थित होतो.

लिनियसने १७६३ मध्ये ओरायझीचे वर्णन केले. मोत्शुल्स्कीने १८५५ मध्ये 'सायटोफिलस झीमेज' ही जात सांगितली. पुढे दीर्घकाळ ही दोन्ही एकाच जातीची लहान व मोठी रूपे समजली गेली. इतकेच नव्हे, तर लहान जातीला 'ससाकी' म्हणून ओरायझी हे नाव मोठीला देण्याचाही प्रघात होता. कुशेलने १९६१ मध्ये हा घोळ मिटविला : लहान ती ओरायझी, मोठी ती झीमेज. त्यामुळे त्यापूर्वीच्या निबंधातील ओरायझी म्हणजे नेमकी कोणती, हे नमुने पाहिल्याविना सांगता येत नाही. अशा निबंधांतील आकडे जसेच्या तसे उद्धृत करणे धोक्याचे आहे.

आकारावर विसंबणेही तितकेच फसवे आहे. अळी दाण्याच्या आतच वाढते. ज्वारीच्या बारीक दाण्यात वाढलेला किडा मक्यातल्या किड्याहून लहान निपजतो. पंखकवचांवरील चार तांबूस ठिपके दोन्ही जातींत असतात. नावात मका असला तरी झीमेज ज्वारीवरही जगते, आणि ओरायझी मक्यावर. निर्णायक पुरावा जननेंद्रियांत आहे. नराच्या एडिॲगसचा वरचा पृष्ठभाग ओरायझीत गुळगुळीत व फुगीर असतो, झीमेजमध्ये त्यावर दोन लांबट खाचा दिसतात. मादीतील वाय-आकाराच्या कठीण पट्टिकेच्या शाखांची टोके ओरायझीत गोलसर, झीमेजमध्ये निमुळती असतात. त्यासाठी पोटॅशचे द्रावण, सुई आणि सूक्ष्मदर्शक एवढेच लागते, आणि हे साहित्य प्राणिशास्त्र विभागाला नवे नाही.

हा भेद केवळ नामकरणाचा नाही. झीमेज उडण्यात अधिक तरबेज असून उभ्या पिकातील कणसांपर्यंत पोहोचते. तेथे केवळ कणगी स्वच्छ ठेवण्याचा सल्ला अपुरा पडतो, कारण कीड शेतातूनच धान्याबरोबर घरात आलेली असते. म्हणून प्रत्येक अहवालासोबत काही नर-मादी नमुने अल्कोहोलमध्ये जपून ठेवावेत, म्हणजे निदान चुकले तरी ते पुन्हा तपासता येईल. चिंचोके पोखरणारी 'सायटोफिलस लिनिॲरिस' ही आणखी एक भावकीतलीच जात. तिचे नमुनेही सोबत असल्यास तुलना सोपी होईल.