समुद्रदेवाची बायको कुठे गेली?

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा रोमन व्यापाराबरोबर इकडे आलेल्या वस्तूंत ती सापडली. देव एकटाच आहे. युरोपातल्या चौकांत, कारंज्यांवरही तो बहुधा असाच एकटा भेटतो. त्याला बायको होती, हे मुद्दाम शोधून काढावे लागते.

तिचे नाव ॲम्फिट्राइटी. काव्याने तिला फारसे काही दिले नाही. नेरेउस आणि डोरिस यांची मुलगी, ट्रायटनची आई, एवढे सांगून हेसिऑड पुढे जातो. ‘ओडिसी’त तर ती समुद्राचेच दुसरे नाव म्हणण्यापुरती उरते. लग्न नको म्हणून ती ॲटलासकडे पळाली, डॉल्फिनने मध्यस्थी करून तिला परत आणले, ही गोष्ट उत्तरकालीन संकलनांतली. त्यातही आकाशात नक्षत्र होऊन बसण्याचा मान मिळाला तो मध्यस्थाला! ॲम्फिट्राइटीला माणूसपण दिले ते चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी.

लूव्हरमधला एक प्याला पाहावा. इ.स.पू. ५००च्या सुमारास युफ्रोनिओसने तो घडवला. त्यावरचे चित्र ओनेसिमोसचे मानतात. थिसिअस समुद्रतळाशी पोचला आहे. छोट्या ट्रायटनने त्याचे पाय हातांवर तोलून धरले आहेत. मध्ये अथेना उभी, आणि समोर ॲम्फिट्राइटी बसलेली. थिसिअस हा पोसायडनचा दुसरीकडचा मुलगा, म्हणजे हिचा सावत्र; तरी आगतस्वागत हीच करते आहे. पोसायडन चित्रात नाहीच. या घरात कारभार कुणाचा चालतो, हे ओनेसिमोसने तिच्या नुसत्या बसण्यातून सांगून टाकले आहे.

पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूच्या शिल्पसमूहात अथेनाशी वादाला उतरलेल्या पोसायडनचा रथ हाकायला तीच होती. देवळात १६८७ साली झालेल्या स्फोटाआधी, १६७४ मध्ये, काढलेल्या रेखाचित्रांत ती दिसते. तिचे धड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर देवांची सभा भरली आहे. तिथे पोसायडन अपोलोशेजारी बसला आहे, हिला मात्र जागा नाही. कामाला हवी, मानाला नको!

पर्गामॉनच्या वेदीवर ती, डोरिस आणि ओशनसची बायको टेथिस अशा तिघीही राक्षसांविरुद्ध लढाईत उतरल्या आहेत. पुढे इतका मोकळेपणा क्वचितच दिसतो. रोमनांच्या जुन्या प्रार्थनांत त्यांचा समुद्रदेव नेपच्यून याच्याबरोबर सालाकियाचे नाव येई, वेनिलियाही होती. एक किनाऱ्याला येणारे पाणी, दुसरी परत जाणारे, असा खुलासा व्हॅरोने केला. पाणी एकच असताना देवी दोन कशाला, म्हणून संत ऑगस्टीनने त्याची खिल्ली उडवली.

हर्क्युलेनियमच्या एका घरात नेपच्यून-ॲम्फिट्राइटीचे काचेच्या तुकड्यांचे भित्तिचित्र आहे. रंग डोळे दिपवणारे, पण जोडपे स्टुडिओत फोटो काढायला आल्यासारखे शेजारीशेजारी उभे. त्याच्याहून मला झ्यूग्माच्या फरशीवरची टेथिस कितीतरी उजवी वाटते. कपाळावर पंख फुटलेली, नवऱ्याच्या बरोबरीने जागा व्यापणारी. ती शोभेची वाटत नाही.

प्रबोधनकाळात उतरण लागली. १५१६ मध्ये गोसार्टने दोघांना देवळात नग्न उभे केले. अंगाचे गोलावे अप्रतिम, पण तिने करायचे असे काहीच उरलेले नाही. चेल्लिनीने १५४३ मध्ये पूर्ण केलेल्या सोन्याच्या मिठदाणीत समुद्रदेवासमोर पृथ्वी बसली, म्हणजे बायको थेट बाहेर. आणि पूसाँचे फिलाडेल्फियातले चित्र? मधोमध, सर्वांत उजळ बाई ॲम्फिट्राइटी की व्हीनस, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. इ.स.पू. ५८०च्या सुमारास अथेन्सच्या सोफिलोसने तिला पोसायडनच्या रथात उभे केले, तेव्हा शेजारी नावच लिहून ठेवले होते. पूसाँच्या बाईला कुणाचेही नाव चालते. एवढी ती सुंदर आहे आणि एवढी रिकामी.