सुगम्यता अनुरूपता अहवाल : स्वरूप, निवड आणि मर्यादा

महाविद्यालयाने शिक्षण-व्यवस्थापन प्रणाली, ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर किंवा ऑनलाइन परीक्षेची व्यवस्था विकत घेताना पुरवठादाराकडून एक कागद हमखास मिळतो. सदर उत्पादन अपंग विद्यार्थ्यांना वापरता येते, असे त्यात म्हटलेले असते. खरेदी समिती तो फाइलला लावते आणि विषय तेथेच संपतो. या कागदाचे प्रकार कोणते, त्यांपैकी भारतीय महाविद्यालयाने कोणता मागावा आणि मिळालेला कागद कसा वाचावा, याचा विचार क्वचितच होतो. इंदूरच्या संदर्भात तो विशेष करण्याजोगा आहे. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस यांची संकुले उभी आहेत, परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारे हे शहर आहे. असे अहवाल ज्या व्यवसायात लिहिले जातात, त्याच व्यवसायाच्या शहरातील महाविद्यालये ते न वाचता स्वीकारत असतील तर ती खेदाची बाब होय.

या अहवालाचा नमुना ‘व्हीपॅट’ या नावाने ओळखला जातो. (मतदान यंत्राच्या व्हीव्हीपॅटशी त्याचा काही संबंध नाही, पण भारतीय कानाला प्रथम तेच आठवते.) अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातील कलम 508 मध्ये 1998 साली दुरुस्ती झाली आणि सरकारी खरेदीत सुगम्यता बंधनकारक ठरली. त्या खरेदीच्या सोयीसाठी 2001 मध्ये तेथील माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने हा नमुना तयार केला. म्हणजे तो मुळात विक्रेत्याने स्वतःविषयी भरून द्यायचा तक्ता आहे. कोरा तक्ता म्हणजे व्हीपॅट आणि भरलेला तक्ता म्हणजे अनुरूपता अहवाल, हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही. त्यावर कोणत्याही शासकीय संस्थेची मोहोर नसते. त्यास ‘प्रमाणपत्र’ म्हणणे चुकीचे आहे, मग विक्रेत्याच्या पत्रात तो शब्द कितीही ठळक छापलेला असो.

या नमुन्याच्या चार आवृत्त्या आहेत : अमेरिकन कलम 508 ची, युरोपीय मानकाची, केवळ वेब-मजकुराच्या मार्गदर्शक तत्त्वांची, आणि या तिन्हींना एकत्र करणारी आंतरराष्ट्रीय. भारतीय आवृत्ती नाही. त्यामुळे अमेरिकन बाजारासाठी आधीच भरून ठेवलेली पहिली आवृत्तीच इकडे पुढे केली जाण्याचा संभव अधिक. ती येथे अपुरी आहे. कलम 508 ची सुधारित मानके जानेवारी 2018 पासून लागू झाली खरी, पण त्यांचा आधार 2008 सालची 2.0 ही तत्त्वे आहेत. त्यांतील पहिल्या दोन स्तरांवर 38 निकष होते. 2018 च्या 2.1 मध्ये ते 50 झाले. वाढलेले 12 निकष पाहिले की आपल्याकडील प्रश्न लक्षात येतो. पडदा आडवा-उभा फिरवता येणे, अक्षरे मोठी केल्यावर मजकूर एकाच रकान्यात नीट बसणे, बोटांच्या गुंतागुंतीच्या हालचालींना पर्याय असणे, असे हे निकष बहुतांशी मोबाइलच्या वापराशी निगडित आहेत. ज्याच्या घरी संगणक नाही, जो सारा अभ्यास मोबाइलवर करतो, त्या अल्पदृष्टी विद्यार्थ्याविषयी 508 ची आवृत्ती नेमक्या याच ठिकाणी गप्प बसते.

भारतीय कायद्याची दिशा वेगळी आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मधील कलम 42 माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाविषयी आहे, तर कलम 46 सेवा पुरवणाऱ्या शासकीय व खासगी अशा दोन्ही संस्थांना लागू होते. भारतीय मानक ब्यूरोने आयएस 17802 हे मानक दोन भागांत, 2021 व 2022 मध्ये, प्रसिद्ध केले आणि 2023 मध्ये ते नियमांत समाविष्ट झाले. या मानकाची बांधणी ईएन 301 549 या युरोपीय मानकावर आधारलेली आहे. म्हणून भारतीय महाविद्यालयाला युरोपीय आवृत्तीतील अहवाल सर्वांत जवळचा ठरतो. केवळ वेब-तत्त्वांची आवृत्ती सुटसुटीत असली तरी तिच्यात मदत-पुस्तिका, साहाय्य-सेवा, तसेच शिक्षकाने मजकूर तयार करण्याची साधने यांचा स्वतंत्र विचार नाही. अंध शिक्षकाला प्रश्नपत्रिका चढवता येईल काय, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. आंतरराष्ट्रीय आवृत्ती चालू शकेल, पण तिचे पानांमागून पाने चालणारे तक्ते वाचण्याचा धीर समितीला असावा लागतो.

युरोपीय आवृत्तीतील एक कलम येथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ओळख पटवण्यासाठी एकाच शारीरिक वैशिष्ट्यावर विसंबू नये, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात, पापण्या मिटून दाखवता न येणाऱ्या आम्लहल्ला-पीडितांच्या ई-केवायसीच्या अडचणीवर निर्णय देताना डिजिटल उपलब्धता ही अनुच्छेद 21 चा भाग मानली. चेहरा ओळखून परीक्षेला बसवणाऱ्या प्रणालीस हीच कसोटी लावून पाहावी. त्याआधी 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयाने 2017 च्या नियमांतील नियम 15(1) अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण जे सक्तीचे असावे ते तेथे केवळ शिफारशीच्या स्वरूपात राहिले होते. ‘मानके ऐच्छिक आहेत’ हे पुरवठादाराचे उत्तर यापुढे समितीने निमूटपणे ऐकून घेण्याचे कारण नाही.

आवृत्ती योग्य निवडली तरी खरी अडचण भाषेची आहे. नमुन्यातील ‘पूर्तता होते’ या शेऱ्याची व्याख्या अशी की, निकष पूर्ण करणारी किमान एक रीत आहे आणि ज्ञात दोष नाहीत. ‘ज्ञात’ हा शब्द फार सोयीचा आहे. ज्याने तपासलेच नाही त्याला दोष ज्ञात असण्याचे कारण नाही. ‘अंशतः पूर्तता’ म्हणजे काही कार्ये निकषात बसत नाहीत. ती किती व कोणती, हे शेऱ्याच्या रकान्यातून कळले तरच कळते. उत्तरपत्रिका सादर करण्याचे बटण की-बोर्डने दाबता येत नसेल तर बाकी सर्व पाने निर्दोष असूनही विद्यार्थी नापासच होईल, आणि तक्त्यात मात्र ‘अंशतः’ एवढेच दिसेल. म्हणून सर्वत्र ‘पूर्तता’ आणि रकाना कोरा असा अहवाल संशयास्पद मानावा. ज्यात उणिवा नेमक्या शब्दांत मांडल्या आहेत तो अधिक विश्वसनीय. अहवालाची तारीख, उत्पादनाची आवृत्ती आणि तपासणीची पद्धत, म्हणजे कोणता स्क्रीन रीडर, कोणता ब्राउझर, माणसाने तपासले की केवळ यंत्राने, हे पहिल्या पानांवर नसेल तर पुढील तक्ते वाचण्यात फारसा अर्थ नाही.

इंदूरमध्ये हिंदी, होळकर काळापासूनची मराठी आणि उर्दू या भाषा एकाच वर्गात भेटतात. पानाची व त्यातील भागांची भाषा यंत्राला कळावी असे दोन निकष तत्त्वांत आहेत. मराठी व हिंदी यांची लिपी एकच असल्याने भाषेची खूण नसेल तर मराठी उतारा हिंदी उच्चारात वाचला जाण्याचा संभव असतो. उर्दूच्या बाबतीत उजवीकडून डावीकडे जाणारा क्रमही तपासावा लागतो. केवळ इंग्रजी पडद्यावर केलेल्या तपासणीतून यातले काहीच सिद्ध होत नाही. पुरवठादाराकडे युरोपीय आवृत्तीसोबत, आपण वापरणार त्या भाषांतील पडद्यांची आयएस 17802 च्या दुसऱ्या भागानुसार केलेली तपासणी मागावी आणि ती अट निविदेतच लिहावी. संकेतस्थळांना एसटीक्यूसीकडून मिळणारे प्रमाणपत्र उपयुक्त आहे, पण ते महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचे. विकत घेतलेल्या प्रणालीची हमी त्यातून मिळत नाही.

आणि पुरवठादाराचा कोणताही अहवाल शिक्षकाने चढवलेल्या टिपणांपर्यंत पोहोचत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले टिपण डोळ्यांना स्वच्छ देवनागरी दिसते. स्क्रीन रीडरला मात्र त्यात रोमन अक्षरांची निरर्थक रांग मिळते. छायाप्रत काढून चढवलेल्या पानात तर त्याला अक्षरच सापडत नाही. टिपणे युनिकोडमध्ये आणण्याचे काम कोणी व किती दिवसांत करायचे, हे खरेदीच्या ठरावात नोंदवता येण्याजोगे आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. ठरावापूर्वी तो एका संगणकावर बसवून, माउसला हात न लावता, एक स्वाध्याय उघडून सादर करून पाहण्यास समितीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू नये.